रस आंबण्यापूर्वी

वाचन : रोम. १४:१३-२१

जोयडा तालुक्यात उन्हाळ्यात बिरंडे पिकतात, आणि त्याआधीपासूनच काजूची बोंडे गळू लागलेली असतात. बोंडांचा ताजा रस गोड लागतो. पण फळाच्या सालीवरचे यीस्ट त्यातील साखरेचा मद्यार्क करू लागते. शेजारच्या गोव्यात याच आंबलेल्या रसापासून उर्राक व फेणी काढतात.

हे आंबणे थांबवता येते. १८६९ साली अमेरिकेत व्हाइनलंड गावी टॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्यांनी द्राक्षांचा रस बाटल्यांत भरला, बुचे लावली आणि त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. उष्णतेने यीस्ट मरते, हा पाश्चर यांचा शोध त्यांनी वापरला. प्रभुभोजनाच्या प्याल्यात न आंबलेला रस असावा, एवढाच त्यांचा हेतू होता.

बिरंडाला साखर राखते. बिया काढलेल्या सालींच्या दुप्पट साखर घ्यावी, बरणीत थरावर थर द्यावेत, रोज हलवून आठवड्याने पाक गाळावा. साखर कमी घातली तर पाक फसफसतो. कंजुशी करू नये.

आता लग्नकार्यांत ‘मॉकटेल’ची हौस आली आहे. ती वाईट नाही. क्यूबातील मोहितोत पुदिना, लिंबू, साखर, सोडा आणि रम असते. रम वगळली की पेय मिळमिळीत होते, कारण घशाची झणझण जाते. ती चमचाभर आल्याच्या रसाने परत येते. मात्र दोन गोष्टी जपाव्यात. कॉकटेलमध्ये थेंबथेंब घालतात ते बिटर्स बहुधा मद्यार्कातच केलेले असतात. आणि नाताळात यीस्ट घालून मुरवलेली घरगुती ‘जिंजर बिअर’ किंवा मनुकांचा ‘वाइन’ आपण निर्धास्तपणे संडे स्कूलच्या मुलांपुढे ठेवतो. यीस्ट घालून मुरवले की त्यात मद्यार्क होतोच, नाव काहीही असो.

आणखी एक. दारू सोडलेल्या भावाला तसाच पेला, तशीच चव नकोशी होऊ शकते. त्याला चारचौघांत न विचारता आधी बाजूला विचारावे. आम्हांला विचाराल तर त्या दिवशी सर्वांनाच बिरंडाचे सरबत द्यावे : एक भाग पाक, चार भाग थंड पाणी, चिमूटभर मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड.