निसवत्या भातातली जाळी मोडू नका

भाद्रपदात भात पोटरीत आलं की बांधाकडेच्या चुडांमध्ये गोल जाळी दिसू लागतात. मधोमध पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी, कधी चक्क फुलीसारखी, आणि तिच्यावर डोकं खाली करून, पाय जोडीजोडीने ताणून बसलेली पट्टेरी मादी. ही आर्जिओपे प्रजातीतली कोळीण. जगभरच्या उष्ण प्रदेशांत हिचा गोतावळा पसरला आहे. ती नक्षी कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आपण त्या वादात पडायचं कारण नाही.

जाळ्यात काय सापडतं ते पाहा. खोडकिड्याचे आणि पाने गुंडाळणाऱ्या अळीचे पतंग, नाकतोडे, माश्या. मादी पतंग अंडी घालण्याआधीच अडकली तर तिच्या अळ्या पिकात येतच नाहीत. एखादी मधमाशीही सापडते, तेवढं सोडून द्यावं.

मात्र तुडतुड्यांचा बंदोबस्त ही करील अशी आशा धरू नका. तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्यालगत राहतात. तिथे शिकार करणारे लांडगा कोळी असं जाळं विणत नाहीत, धावून भक्ष्य धरतात. चूड बाजूला सारल्याशिवाय ते दिसत नाहीत. वरची जाळी शाबूत असतील तर खालचे कोळीही जगले असण्याची शक्यता बरीच.

म्हणूनच तुडतुडे दिसले की दुकानात मिळेल ते पायरेथ्रॉइड मारायची सवय महागात पडते. कोळी मरतात, बुंध्यातले बरेच तुडतुडे वाचतात आणि खाणारं कोणी उरलं नाही की पुन्हा उसळतात. शेजाऱ्याने पंप उचलला म्हणून आपणही उचलू नये. खोडकिड्यासाठी खाचरात तिरकं चालत वीसेक चूड तपासा. गाभेमर साधारण 5 टक्क्यांच्या आत असेल तर थांबा. त्यापुढे गेलीच, तर कृषी सहायकाला विचारून औषध ठरवा आणि कीड असलेल्या खाचरातच फवारा.

बांधाचं गवत सरसकट कापू नका. पण दाट गवतात उंदीर बिळं करतात, हेही खरं. तेव्हा एकाआड एक बांध साफ करावा. बेणणी करताना जाळ्याला वळसा घालायला मजुरांना सांगून ठेवा. कापणीच्या सुमारास गवतात रेशमी पिशव्या लटकलेल्या दिसतील. एकेकीत शेकडो अंडी असू शकतात. पिल्लं बाहेर पडली की वाऱ्यावर धागा सोडून दुसऱ्या खाचरांत जातात. पिशव्या असलेलं गवत निदान तोवर तरी पेटवू नका.