शाळेचा पट आणि आपली जबाबदारी

समाजाच्या प्रगतीची चर्चा करताना आपण शिक्षणाचा उल्लेख हमखास करतो. जयंतीच्या व्यासपीठावरून 'शिका' हा संदेश दरवर्षी दिला जातो. परंतु आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत आज किती मुले आहेत, त्यांतील किती रोज येतात आणि कितींना नीट वाचता येते, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. प्रस्तुत लेखात शाळेचे आकडे कसे वाचावेत, याचा थोडक्यात विचार करावयाचा आहे. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेत खातेवह्या लिहिण्यात उमेदीची वर्षे गेली, एवढाच आमचा अधिकार.

बाबासाहेबांनी घालून दिलेली कसोटी

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भावनेला हात न घालता आकडे मांडले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी दाखवून दिले. लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर असलेला मागासवर्ग शिक्षणात मात्र शेवटच्या क्रमांकावर आहे, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. यातून कोणत्याही शाळेला लावता येतील अशा दोन कसोट्या मिळतात. पहिली, दाखल झालेले मूल टिकते काय? दुसरी, ज्या समाजाची जेवढी मुले, तेवढा त्यांचा शिक्षणात वाटा आहे काय?

आपला परिसर

नागपूर-अमरावती महामार्गावरील आपले तळेगाव (श्यामजी पंत) आष्टी तालुक्यात येते. गावच्या शाळेचा कारभार केंद्रप्रमुख, आष्टी पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी आणि वर्धा जिल्हा परिषद अशा पायऱ्यांनी चालतो. राज्यात ही जिल्हा परिषदांची व्यवस्था १ मे १९६२ पासून आहे.

२०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख भरली. साक्षरता सुमारे ८७ टक्के, म्हणजे राज्याच्या ८२ टक्क्यांहून अधिक होती. परंतु २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम ५ टक्क्यांनी वाढली. राज्याची वाढ १६ टक्के होती. कुटुंबे लहान झाली, कामासाठी माणसे शहराकडे गेली, तर गावातले प्रत्येक मूल शाळेत जाऊनही वर्ग रिकामे दिसू शकतात. म्हणून पट घटला की लगेच गुरुजींना दोष देणे योग्य नव्हे. आधी कारण शोधले पाहिजे.

पटाचा हिशेब

बँकेत नुसती अखेरची शिल्लक पाहून व्यवहार कळत नाही. जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. शाळेचेही तसेच आहे. समजा, पहिलीत २० मुले दाखल झाली आणि तीच तुकडी पाचवीत गेली तेव्हा १४ उरली. वरवर पाहता ६ मुले कमी झाली. परंतु मधल्या काळात २ नवीन मुले आली असतील, तर प्रत्यक्षात ८ मुले गेली. त्यांपैकी ४ दाखला घेऊन इंग्रजी शाळेत गेली, २ आईवडिलांबरोबर दुसऱ्या गावी गेली आणि २ मुलांचा कुठेच पत्ता नाही. खरी गळती या दोघांची. त्यांच्या घरी जाणे हे आपले काम आहे.

दुसरी सावधगिरी टक्केवारीची. ८ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. अशा वर्गाचा निकाल ५० वरून ६२ टक्क्यांवर गेला, तर एकच मूल अधिक उत्तीर्ण झाले, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. २० मुलांना दोन शिक्षक, हे कागदावर उत्तम दिसते. पण दोघांना मिळून पाच वर्ग सांभाळावे लागतात, हे विसरता कामा नये.

लहान शाळांचे काय?

२०१७ मध्ये राज्य शासनाने अत्यल्प पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून जवळच्या शाळेत समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये समूह शाळांचा विचार पुढे आला, तेव्हा राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. अशा शाळांत मागे कोण उरते? ज्यांना खाजगी शाळेची फी आणि गाडीभाडे परवडत नाही, त्या मजुरांची मुले. येथे आम्हाला कबूल केले पाहिजे की आम्हीही आमची मुले गावच्या शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घातली. नोकरदाराचे मूल गेले की पालकसभेत प्रश्न विचारणारा माणूसही जातो, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले आमच्या काउंटरवर. पाचवीतली एक मुलगी शिष्यवृत्तीचे खाते उघडण्यास वडिलांसोबत आली होती. वडिलांनी अंगठा उमटवला, मुलीने ठळक अक्षरांत सही केली. आम्हाला आनंद झाला. परंतु अर्जावरील दोन ओळी वाचावयास सांगितल्या, तेव्हा तिला त्या वाचता आल्या नाहीत. तिच्या शाळेच्या पटावर ती हजर होती, पुढच्या वर्गात जातही होती.

आपण काय करावे?

१) शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. आपल्या भगिनींनी तेथे नुसती सही करू नये; पट, उपस्थिती आणि गळती यांचा हिशेब मागावा.

२) विहारातील अभ्यासिकेत महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाकडून दुसरीच्या पुस्तकातील एक उतारा वाचून घ्यावा व वहीत नोंद ठेवावी. गुण देऊ नयेत, मुलाला लाज वाटेल असे बोलू नये.

३) गावची शाळा जेथे संपते, तेथे मुलींचे शिक्षण तुटण्याचा धोका मोठा असतो. पुढच्या शाळेत प्रवेश झाला की नाही, हे शाळा सुरू होताच घरोघरी जाऊन पाहावे.

४) महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन तास या मुलांसाठी द्यावेत.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये ८२ मुलांचा हिशेब मागितला होता. आपल्या गावात ती संख्या आज दोनवर आली असेल, तर त्या दोघांची नावे आपल्याला ठाऊक असली पाहिजेत. येत्या वर्षी संस्थेच्या सभासदांनी एवढे एक काम अंगावर घ्यावे, ही नम्र विनंती.

जयभीम!