‘चॅरिटी’ म्हणजे काय?

गेल्या सत्रांत वरच्या वर्गाच्या इंग्रजीच्या तासाला एक गंमत झाली. १६११ सालच्या जुन्या इंग्रजी बायबलांतील, पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय मीं मुलांस मराठींत सांगावयास दिला होता. या अध्यायांत ‘चॅरिटी’ हा शब्द वारंवार येतो. एका विद्यार्थ्यानें शब्दकोश पाहून त्याचा अर्थ ‘दानधर्म’ असा केला, आणि तिसऱ्या वचनाशीं येतांच तो अडखळला. त्या वचनाचा आशय असा आहे कीं, माणसानें आपली सारी मालमत्ता गोरगरिबांस खाऊं घातली, तरी त्याच्या ठायीं ‘चॅरिटी’ नसल्यास त्याला कांहीं लाभ नाहीं. “सर, सगळें वाटून टाकलें आणि तरी दानधर्म केला नाहीं, हें कसें?” असें त्यानें विचारलें. वर्ग हसला. पण त्याची अडचण खरी होती, आणि शब्दकोशही चुकला नव्हता.

‘चॅरिटी’ हा इंग्रजांचा मूळचा शब्द नव्हे. लॅटिन भाषेंत ‘कारुस’ म्हणजे प्रिय; त्यावरून ‘कारितास’ म्हणजे माया, जिव्हाळा. ‘कारुस’चा दुसरा अर्थ महाग असा आहे. इंग्रजी ‘डिअर’ शब्दाचेही असेच दोन अर्थ होतात. पत्राच्या आरंभीं तो स्नेह दाखवितो आणि बाजारांत भाव. हा ‘कारितास’ फ्रेंच भाषेंतून इंग्लंडांत आला. नवा करार मुळांत ग्रीक भाषेंत लिहिलेला आहे. तेथें ‘अगापे’ असा शब्द आहे, आणि लॅटिन भाषांतरांत त्याच्यासाठीं बऱ्याच ठिकाणीं ‘कारितास’ योजिला आहे.

‘लव्ह’ हा मात्र इंग्रजांचा घरचा शब्द. त्याचें मूळ आणि संस्कृत ‘लुभ्’ धातूचें मूळ एकच, असें भाषापंडित सांगतात. म्हणजे ‘लव्ह’ हा आपल्या ‘लोभा’चा भाऊबंद झाला! कोणी म्हणेल, लोभ तर षड्रिपूंपैकीं एक. परंतु आपल्या वडीलधाऱ्यांचीं जुनीं पत्रें काढून पाहावीं. शेवटीं ‘लोभ असावा’ असें असतें. तेथें लोभ म्हणजे हांव नव्हे, ममता.

या दोन शब्दांवरून इंग्लंडांत मोठा वाद झाला. विल्यम टिंडेल यानें १५२६ सालीं नव्या कराराचें इंग्रजी भाषांतर छापिलें, त्यांत त्यानें ‘लव्ह’ शब्द घातला. सर टॉमस मोर यानें १५२९ सालीं त्यावर आक्षेप घेतला. त्याचें म्हणणें असें कीं, ‘लव्ह’ भलें असतें तसें बुरेंही असतें. ‘चॅरिटी’ म्हणजे केवळ सात्त्विक प्रेम. त्याची भीति अगदींच निराधार नव्हती. आपल्या मराठी बायबलांत या ठिकाणीं ‘प्रीति’ हा शब्द आहे, आणि नाटक-सिनेमांनीं त्या शब्दाचें काय केलें तें आपण पाहतोंच. तरीही मला टिंडेलचा पक्ष बळकट वाटतो. कारण नांगर धरणाऱ्या माणसास कळावें म्हणून तो लिहीत होता. १६११ च्या भाषांतरकारांनीं पौलाच्या या अध्यायांत ‘चॅरिटी’ घातला, पण योहानाच्या पहिल्या पत्रांत, जेथें देव म्हणजे प्रीति असें सांगितलें आहे तेथें, त्याच ग्रीक शब्दासाठीं ‘लव्ह’ ठेविला. १८८१ सालच्या सुधारलेल्या भाषांतरांत दोन्हीकडे ‘लव्ह’च आला.

तो बदल करावा लागला, कारण ‘चॅरिटी’चा अर्थ आकुंचित होत गेला होता. प्रीति अंतःकरणांत असते. ती बाहेर पडते कृतींतून. कृतींपैकीं पैसा देणें सर्वांस दिसतें आणि मोजतां येतें. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत १६०१ सालीं झालेल्या कायद्याच्या प्रस्तावनेंत ‘चॅरिटेबल’ कामांची यादीच आहे: वृद्ध व दुबळ्या गरिबांचें पोषण, शाळा, पुलांची दुरुस्ती, गरीब मुलींचीं लग्नें. यादी उत्तम आहे. पण यादी होतांच शब्द हिशेबाच्या वहींत गेला.

आपल्याकडे हेंच ‘धर्म’ या शब्दाचें झालें. केवढा थोर शब्द! आणि दाराशीं उभा राहून भिकारी ‘धर्म करा’ म्हणतो तेव्हां त्याचा अर्थ एक नाणें किंवा शिळी भाकर एवढाच उरतो. १९५० सालच्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्यानें जो ‘चॅरिटी कमिशनर’ नेमला, त्याला मराठींत ‘धर्मादाय आयुक्त’ म्हणतात, तें याच वाटेनें. ‘आम्स’ हा तिसरा इंग्रजी शब्द तर प्रथमपासूनच लहान. त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ दया. आपली ‘भिक्षा’ मागणाऱ्याच्या बाजूनें बनलेली आहे, कारण ‘भिक्ष्’ म्हणजे याचना करणें. ‘आम्स’ देणाऱ्याच्या मनांतील कींव सांगतो. इंग्रज लोक कोरड्या वागणुकीला ‘चॅरिटीसारखी थंड’ म्हणतात. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्यें नोआ क्लेपोल नांवाचा मुलगा आहे. तो धर्मादाय शाळेंत शिकलेला. म्हणून आसपासच्या दुकानांतील पोरें त्याला ‘चॅरिटी’ म्हणून चिडवीत, आणि तो त्याचा सूड अनाथ ऑलिव्हरवर उगवीत असे.

मीं पूर्वीं एका शाळेंत काम करीत असतां नादारीच्या, म्हणजे फीमाफीच्या, अर्जावर हाच शब्द छापलेला होता. एका मुलाचे वडील, हातावर पोट असलेले गृहस्थ, मला म्हणाले, “मास्तरसाहेब, या शब्दाचा अर्थ काय?” घाईंत मीं ‘धर्मादाय’ असें सांगितलें. त्यांनीं अर्जाची नीट घडी केली, माझ्या मेजावर ठेविली, आणि म्हणाले, “मग राहूं द्या. माझा मुलगा धर्मावर शिकणार नाहीं.” मुलगा हुशार होता. जूनमध्यें तो शाळेंत आला नाहीं. कोशाप्रमाणें माझें उत्तर बरोबर होतें. तरी त्या दिवशीं मीं दुसरा शब्द कां शोधिला नाहीं, हें मी आजही स्वतःला विचारतों.

म्हणून वर्गांतील त्या विद्यार्थ्यास मीं चूक दिली नाहीं. पुस्तक कोणत्या सालचें आहे तें आधीं पाहा, मग कोश उघड, एवढेंच त्याला सांगितलें. त्यानें ‘दानधर्म’ खोडून वर ‘प्रीति’ लिहिलें, आणि तिसरें वचन पुन्हा मोठ्यानें वाचलें. या वेळीं तो अडखळला नाहीं.