संगणकातील जुने दप्तर

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याचे वडील वसमत तालुक्यात हळद पिकवतात. काही वर्षांपूर्वी हा विद्यार्थी उतरलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, संगणक एकदा लिहिलेले विसरतो का हो?"

झाले होते असे. त्याच्या वडिलांनी आठ वर्षांपूर्वी एका आडत दुकानातून बारा हजार रुपयांची उचल घेतली होती. पुढच्या हंगामात हळद घालून ती फेडली होती. मधल्या काळात दुकानाने हिशोबाची जुनी प्रणाली बदलून नवी घेतली. नव्या संगणकात मात्र वडिलांच्या नावावर बारा हजारांची बाकी दिसत होती. वडिलांजवळची पट्टी घर बदलताना हरवली होती. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "जुन्या संगणकात फेड दिसली तर बाकी आत्ता काढून टाकतो." पण जुना संगणक कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला होता आणि तो सुरूच होईना.

आम्ही त्याची चकती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. सुदैवाने चकती चांगली होती. पडद्यावर एक ओळ दिसली: २१४, ७, ३, १२०००. पण हिचा अर्थ काय? २१४ हा शेतकऱ्याचा खातेक्रमांक, ७ म्हणजे हळद, १२००० ही रक्कम, एवढे दुकानदाराने ओळखले. मधला ३ कशाचा? ३ म्हणजे 'उचल दिली' की 'उचल फेडली'? सारा वाद त्या एका आकड्यावर येऊन ठेपला. शेवटी जुन्या मुनीमजींच्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेले सापडले: '२ – उचल दिली, ३ – उचल फेडली'. बारा हजारांचा बोजा उतरला, तो पेन्सिलीच्या एका ओळीमुळे!

विद्यार्थी मित्रहो, आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देऊ या. होय, संगणकही विसरतो. आणि तो तीन तऱ्हांनी विसरतो.

विसरण्याच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा भौतिक आहे. संगणकाच्या चकतीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्याच्या सूक्ष्म कणांचे चुंबकन एका दिशेने असले तर '०' आणि उलट दिशेने असले तर '१', अशा काहीशा पद्धतीने माहिती लिहिली जाते. पण पदार्थाचे कण कधीच स्वस्थ नसतात. तपमानामुळे ते सतत थरथरत असतात. कण जितका लहान आणि तपमान जितके जास्त, तितकी त्याची दिशा आपोआप पालटण्याची शक्यता वाढते. पेन-ड्राइव्हमध्ये चुंबक नसतात. तेथे विद्युतरोधक थराआड इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. ते वर्षानुवर्षे हळूहळू पाझरतात आणि उष्णतेने हा पाझर वाढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ४० अंशांवर पारा असतो, तेथे टेबलाच्या खणात ठेवलेला पेन-ड्राइव्ह म्हणजे कायमची तिजोरी नव्हे! दप्तरासाठी वापरतात ती चुंबकीय फीत थंड आणि कोरड्या जागेत सुमारे तीस वर्षे टिकते, असे मानतात.

दुसरी तऱ्हा अशी, की माहिती शाबूत असते पण ती वाचणारे यंत्र उरत नाही. इंग्लंडमध्ये इ.स. १०८६ साली राजाच्या आज्ञेने गावोगावच्या जमिनीची मोजदाद झाली. 'डूम्सडे बुक' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बी.बी.सी.ने तसेच नवे सर्वेक्षण केले आणि ते लेसर-चकत्यांवर साठवले. जेमतेम सोळा वर्षांत त्या चकत्या वाचणारी यंत्रे इतकी दुर्मिळ झाली, की माहिती वाचवण्यासाठी शास्त्रज्ञांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. मूळचा चर्मपत्रावरील ग्रंथ मात्र आजही डोळ्यांनी वाचता येतो.

तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी आहे. माहिती शाबूत आहे, वाचताही येते, पण अर्थ लागत नाही. आडत दुकानातला तो '३' आठवा.

चालू वही आणि जुने दप्तर

तुम्ही विचाराल, मग सारे जुने हिशोब चालू प्रणालीतच का ठेवू नयेत? शोधायला वेळ लागेल म्हणून? गणित करून पाहू. नोंदी क्रमाने लावलेल्या असतील तर संगणक मधली नोंद पाहतो, हवी ती नोंद अलीकडे आहे की पलीकडे ते ठरवतो आणि निम्मा ढीग बाजूला सारतो. दर पावलाला ढीग निम्मा होतो. दोनचा सतरावा घात १,३१,०७२ आहे. म्हणजे एक लाख नोंदींत हवी ती नोंद शोधायला फार तर १७ पावले पुरतात. दहा लाखांत? फक्त २०! तेव्हा शोधणे ही खरी अडचण नाही.

अडचण इतर कामांची आहे. रोज रात्री साऱ्या माहितीची प्रत काढावी लागते आणि साठा दसपट झाला की ते काम दसपट होते. प्रणाली बदलली की प्रत्येक जुनी नोंद नव्या साच्यात बसवावी लागते. त्या गडबडीत पुष्कळ जण केवळ शेवटची बाकी पुढे ओढतात आणि ती कशी झाली हे सांगणाऱ्या नोंदी मागे टाकतात. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या बाबतीत हेच घडले. फेडीची नोंद होण्यापूर्वीची बाकी नव्या वहीत गेली आणि फेड जुन्या वहीत राहिली.

म्हणून मोठ्या कारखान्यांत, बँकांत आणि कचेऱ्यांत जुनी माहिती शिस्तीने 'दप्तरदाखल' करतात. आपल्या मराठवाड्यात गावोगावच्या लोकांची खाती ज्या स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होती, ती १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पाटी एका दिवसात बदलता येते. पण खातेदाराला दहा वर्षांपूर्वीचा भरणा दाखवायचा झाला, तर पाटी बदलल्याची सबब चालत नाही.

दप्तरदाखल करण्याची रीत

एक: फक्त पुरे झालेले व्यवहारच हलवावेत. हळद विकली पण पैसे मिळायचे आहेत, तर ती नोंद चालू वहीतच राहिली पाहिजे. विक्री, तोलाई, हमाली, उचल आणि भरणा या एकमेकींत गुंतलेल्या नोंदी एकत्रच उचलाव्या लागतात. एक खेचली आणि दुसरी राहिली, तर दोन्ही निरर्थक होतात.

दोन: नोंद आणि कागद यांची गाठ सुटू देऊ नये. संगणकातली ओळ ही नोंद, सहीची पट्टी किंवा तिचे छायाचित्र हा कागद. दोघांवर एकच क्रमांक हवा.

तीन: सांकेतिक आकड्यांची किल्ली दप्तरातच ठेवावी, आणि सारे दप्तर साध्या, सर्वांना वाचता येईल अशा साच्यात असावे. मूळ प्रणाली बंद पडली तरी ते उघडले पाहिजे.

चार: प्रत्येक गठ्ठ्याला मोहोर लावावी. ही मोहोर लाखेची नसते, गणिताची असते. समजा पट्टीक्रमांक ४७२५ आहे. अंकांची बेरीज १८. कोणी चुकून ४७३५ लिहिले तर बेरीज १९ येते आणि चूक उघडी पडते. पण ४२७५ लिहिले तर? बेरीज पुन्हा १८! म्हणून पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने आणि चौथ्याला ४ ने गुणून बेरीज करा. ४७२५ साठी ४ + १४ + ६ + २० = ४४. ४२७५ साठी ४ + ४ + २१ + २० = ४९. अदलाबदल पकडली गेली! संगणक याच कल्पनेचे फार सुधारलेले रूप वापरतो आणि साऱ्या गठ्ठ्यावरून २५६ द्विमान अंकांची एक खूणसंख्या काढतो. आत एक स्वल्पविराम बदलला तरी खूणसंख्या पार पालटते.

पाच: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरील कितीतरी कागद जळाले. शेजारच्या कपाटात ठेवलेली दुसरी प्रत अशा वेळी पहिलीबरोबरच जाते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दप्तरातली प्रत उघडून, वाचून, खूणसंख्या ताडून पाहिल्याशिवाय चालू वहीतली नोंद पुसू नये.

काय ठेवायचे, काय टाकायचे?

सगळे कायम ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. आपल्या सरकारी कचेऱ्यांनी यासाठी संगणकाच्या कितीतरी आधी पद्धत बसवली आहे. कागदांचे वर्ग पाडतात: 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क-१' दहा वर्षांचा, 'क' पाच वर्षांचा आणि 'ड' एक वर्षाचा. व्यापारी हिशोबांनाही कायद्याची मुदत आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपन्यांना हिशोबाच्या वह्या निदान आठ वर्षे ठेवाव्या लागतात. वस्तू व सेवा कराच्या हिशोबांसाठी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिन्यांची मुदत आहे.

वर्ग ठरवताना चूक झाली तर ती भरून येत नाही. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हाच्या दूरचित्रणाच्या मूळ चुंबकीय फिती पुढे सापडेनात. फितींची टंचाई असताना त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाला २००९ मध्ये काढावा लागला.

एक गाव, अनेक पत्ते

आता आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या शेताची जुनी नोंद शोधायची आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या कागदावर जिल्हा 'परभणी' असणार. १९५६ च्या नोव्हेंबरपूर्वीचा कागद हैदराबाद राज्याचा. सप्टेंबर १९४८ पूर्वीचा कागद निजामाच्या अमलातला, म्हणजे बहुधा उर्दूत किंवा मोडी लिपीत, आणि त्यावर साल 'फसली'. फसली १३४७ वाचून कोणाला ते सातशे वर्षांपूर्वीचे वाटेल! पण त्यात ५९० मिळवा: १९३७. म्हणजे नोंद इ.स. १९३७-३८ ची, आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळची.

शेत तेच, माती तीच, पण पत्ता, लिपी आणि कालगणना बदलली. दप्तरात कागदाच्या छायाचित्रासोबत ही माहितीही लिहिली नसेल, तर छायाचित्र असून नसल्यासारखे. २०२३ मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती गरज असते ते सर्वांना कळून आले.

आज सातबारा संगणकावर आहे. २०१८ पासून तो डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला आणि जुन्या हस्तलिखित कागदांचीही छायाचित्रे घेण्यात आली. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक असतात, ते बारकाईने पाहा. ही जमीन या माणसाकडे कशी आली, याचे उत्तर त्या क्रमांकाच्या फेरफारात असते. सातबारा ही शेवटची बाकी, फेरफार हा तिचा इतिहास. क्रमांक राहिला आणि फेरफार हरवला, तर उरतो तो पत्ता, घर नव्हे.

जुन्या नोंदीत नवा शोध

जुनी माहिती केवळ भांडणे मिटवण्यासाठी नसते. औंढा नागनाथ तालुक्यात उभारायच्या 'लायगो-इंडिया' या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांच्या साहाय्याने ती अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. अमेरिकेतील अशा वेधशाळांमध्ये सेकंदाला १६,३८४ वेळा मोजमाप नोंदवले जाते. १२ ऑक्टोबर २०१५ रोजी तेथे एक क्षीण संकेत आला. तो इतका क्षीण होता, की शास्त्रज्ञांनी त्याला केवळ 'संभाव्य' म्हटले. पण नोंद जपून ठेवली होती. पुढे सुधारलेल्या पद्धतीने तीच नोंद पुन्हा तपासली आणि २०१८ मध्ये तो दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा संकेत म्हणून मान्य झाला. आकाशात काही नवे घडले नव्हते, शोध लागला तो जुन्या दप्तरात!

उद्या औंढ्याच्या वेधशाळेतले आकडे आणि वसमतच्या मोंढ्यातले हिशोब शेजारी ठेवले, तर जतनाचे नियम दोघांना एकच लागू पडतील.

करून पाहा

१. घरातील सातबारा घ्या. त्यावरील फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि प्रत्येक फेरफार कशाचा होता ते वडीलधाऱ्यांना विचारा. उत्तर वहीत लिहा, तारखेसह.

२. फसली १३२० म्हणजे इ.स. कोणते साल?

३. ४७२५ ऐवजी असा चार अंकी क्रमांक शोधा, की वर दिलेल्या गुणाकाराच्या बेरजेनेही चूक पकडली जाणार नाही. असा क्रमांक सापडला, तर संगणकाची खूणसंख्या एवढी लांब का असते ते तुम्हाला आपोआप कळेल.