छोट्या आवाजाचं वाद्य

चाळिशी उलटल्यावर मी क्लासिकल गिटार हातात घेतली. घरात वारसा पेटीचा आणि भजनाचा. कान कल्याण गायन समाजाच्या मैफलींवर पोसलेले. बोटं ऑफिसच्या कीबोर्डवर घासलेली. त्या जोरावर जे कळलं ते लिहितेय.

१. या वाद्याचा आवाज लहान आहे, हे आधी मान्य करावं.

मी राहते त्या ठाकुर्लीत शांतता मागून मिळत नाही. स्लो लोकल थांबते, फास्ट न थांबता धडधडत जाते आणि रात्री लांब पल्ल्याच्या गाड्या भोंगे देत कल्याणकडे सरकतात. १९२९मध्ये तेव्हाच्या जीआयपी रेल्वेने गाड्यांच्या विजेसाठी इथे चोळ्याचं पॉवर हाऊस उभारलं. ते बंद पडूनही बरीच वर्षं झाली, पण रेल्वेचा आवाज काही गेला नाही. अशा ठिकाणी हे वाद्य कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. तारा नायलॉनच्या, त्यातल्या जाड तिघींवर धातूची बारीक तार गुंडाळलेली. माइक नाही, अँप्लिफायर नाही. आन्तोनिओ दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने एकोणिसाव्या शतकात गिटारचं पोट मोठं केलं आणि वरच्या पातळ फळीला आतून पंख्यासारख्या पट्ट्यांचा आधार देण्याची पद्धत पक्की केली. आजची क्लासिकल गिटार बहुतांशी त्याच्याच मापाची. तरीही आवाज एका खोलीपुरताच. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) मोठमोठ्या सभागृहांत माइकशिवाय वाजवायचे. श्रोत्यांनीच गप्प बसून कान टवकारायचे.

वन-बीएचकेत राहणाऱ्यांना याचा एक फायदा आहे. रात्री साडेदहाला वाजवलं तरी भिंतीपलीकडून कोणी टकटक करत नाही. पेटीबद्दल ही हमी मला देता येणार नाही.

२. ‘एखादं गाणं वाजव ना’ याचं उत्तर तयार ठेवावं.

आपल्याकडे गिटारची दोन चित्रं पक्की आहेत. एक कॉलेजच्या सहलीतलं, खसाखसा कॉर्ड मारणारं. दुसरं मांडीवर आडवी ठेवून वर धातूची कांडी सरकवण्याचं. त्या दुसऱ्या वाटेने ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार थेट रागसंगीतात नेली. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची गिटार त्यांचीच. क्लासिकल गिटार या दोन्हींहून वेगळी. उजव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं स्वतंत्रपणे तारा छेडतात, करंगळीला सहसा सुट्टी. अंगठ्याकडे खर्जाची चाल, वरच्या बोटांकडे सुरावट, मधे भरणा. तिघांचं काम एकटीनेच करायचं.

फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) यांची ‘लाग्रिमा’ ही जेमतेम दोन मिनिटांची रचना घ्या. सुरुवातीला वरचा स्वर आणि खालचा खर्ज हातात हात घालून पायऱ्या चढतात आणि दोघांच्या मधे दुसरी तार मोकळी, परत परत वाजते. कागदावर हे किरकोळ दिसतं. मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं, तेव्हा आपण आजवर संगीताची एकच ओळ ऐकत होतो असं वाटलं. खरं आकर्षण हेच. कोणाची साथ न घेता, कोणाची वाट न बघता, संपूर्ण संगीत एका मांडीवर मावतं.

३. मींडेची सवय आड येते. ती मोडायची नाही, वळवायची.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बोटांच्या दुखण्यावर सगळेच बोलतात, कानाच्या दुखण्यावर कोणी बोलत नाही.

तानपुऱ्यात वाढलेल्या कानाला स्वर लांबलेला हवा असतो. एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणं, म्हणजेच मींड, हवं असतं. सतारीवर तार पडद्यावरून आडवी ओढली की स्वर चांगला वर चढतो. नायलॉनची तार कितीही ओढा, स्वर जेमतेम हलतो. म्हणून क्लासिकल गिटारवर स्वराला कंप द्यायचा तर बोट तारेच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे डोलवतात, आणि मिळतो तो फक्त एक हलकासा थरथराट. त्यातून छेडलेला स्वर जन्मल्या क्षणापासून विझू लागतो. तो फुंकून किंवा गजाने घासून जिवंत ठेवता येत नाही.

हाच आक्षेप संतूरवर होता. १९५५मध्ये शिवकुमार शर्मांनी मुंबईत ते वाजवलं तेव्हा, मींड नाही तर राग कसा, असं जाणकार म्हणाले. पुढे त्यांनी कलम, म्हणजे वाजवायच्या काड्या, तारांवर अलगद घसरवून स्वर धरून ठेवण्याची युक्ती काढली. गिटारवाल्यांची युक्ती ट्रेमोलो. अंगठा खर्ज देतो आणि मग अनामिका, मध्यमा, तर्जनी एकाच तारेवर ओळीने पडतात, इतक्या झपाट्याने की तुटक ठोके जुळून लांब स्वर ऐकल्याचा भास होतो. तार्रेगांच्या ‘रेकुएर्दोस दे ला आलांब्रा’मध्ये हा भास जवळजवळ अखेरपर्यंत टिकतो. माझ्या हातून अजून तो टिकत नाही, घोडा लंगडतो तसं काहीतरी होतं. संथ वाजवून बघितलं की कळतं, दोष बहुतेक वेळा मधल्या बोटाचा असतो.

आणि ट्रेमोलो नसतो तेव्हा? डाव्या हाताचं बोट पुढचा स्वर निघेपर्यंत उचलायचं नाही. एवढंच. हे ‘एवढंच’ जमायला फार वेळ लागतो.

४. नखांपुढे स्वयंपाकघराला जुळवून घ्यावं लागतं.

डाव्या हाताची नखं अगदी बोटाच्या मांसापर्यंत कापलेली, उजव्या हाताची वाढवलेली आणि बारीक पॉलिश पेपरने घासलेली. ऑफिसात बायका आधी हाताकडे बघतात, मग तोंडाकडे. भाकरी मी आता तळव्याने थापते. नारळ खवणं नवऱ्याकडे गेलं. नखाला बारीक खाच पडली तरी आवाज खरखरतो, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नख तुटलं तर काही वादक पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून चिकटवतात. मी अजून त्या थराला गेलेले नाही.

५. पावसाळ्यात वाद्य तुमच्याकडून सेवा करून घेतं.

लाकूड ओल पितं. जूनपासून वरची फळी फुगते, तारा पट्टीपासून उंच जातात, बोटं जास्त दुखतात आणि आपण उगाच सरावाला दोष देतो. गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर सुकवावेत. बाहेरच्या ओलसर भिंतीला गिटार टांगू नये. पहिली गिटार लॅमिनेटेड पाठीची घेतली तर बिघडत नाही. आपल्या हवेत ती उलट जास्त तग धरते.

एक गंमत. स्पेनमध्ये बनणाऱ्या कितीतरी गिटारांची पाठ आणि बाजू आपल्याकडच्या शिसवी लाकडाची असते. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आल्यावर तर हिची मागणी आणखीच वाढली. म्हणजे परदेशी म्हणून ज्या वाद्याला नाक मुरडतात, त्याचं अर्धं अंग दक्षिणेतल्या जंगलांतलं निघू शकतं.

६. तारा आणायला रविवारी निघू नये. मेगाब्लॉक असतो.

तारांसाठी मुंबईत धोबी तलावला जायचं तर आठवड्यातली दुपार गाठावी, ठाकुर्लीहून स्लो पकडावी आणि गिटार घरीच ठेवावी. गिटारची कडक पेटी रॅकवर बसत नाही आणि उभी धरली तर लेडीज डब्यात दोन बायकांची जागा खाते. त्या दोघी ते बोलूनही दाखवतात.

७. एका स्वराचे अनेक पत्ते असतात.

पेटीवर प्रत्येक स्वराची एकच पट्टी. गिटारवर पहिल्या मोकळ्या तारेचा ‘ई’ दुसऱ्या तारेच्या पाचव्या घरात, तिसरीच्या नवव्या घरात आणि चौथीच्या चौदाव्या घरातही सापडतो. उंची तीच, पण मोकळ्या तारेवर तो लख्ख आणि चौथीवर जाड, घोगरा. नोटेशनमध्ये मात्र ठिपका एकच असतो. कुठला पत्ता निवडायचा ते बोटांची सोय बघून ठरवायचं की रंग बघून, यावर माझ्या शिक्षकांचे आणि माझे अजून खटके उडतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या शाळकरी मुलांना नोटेशन वाचणं माझ्यापेक्षा लवकर येतं, कारण त्यांना आधी सरगम विसरावी लागत नाही. मी मनात अजून ‘ग’ म्हणते आणि मग बोट शोधते. शिक्षकांना ते पसंत नाही. मला ते सोडायचं नाही.

८. बसणं शिकावं.

डावा पाय दहा-पंधरा सेंटिमीटर उंच हवा. बाजारात घडीचं स्टूल मिळतं. आमच्याकडे जेवायचे दोन पाट एकावर एक ठेवून भागतं. पाठ दुखली की थांबावं, यात शौर्य नाही.

९. श्रोते जवळचे निवडावेत.

आपल्याकडे समेवर दाद जाते, मान डोलते, कोणीतरी ‘क्या बात है’ म्हणतं. इथे रचना संपेपर्यंत कोणी काही बोलत नाही आणि वाजवणारीला वाटतं, लोक कंटाळले. त्यातून एका खोलीपुरता आवाज. म्हणून मी चार-पाच जणांना घरीच बोलावते, पंखा बंद करते आणि चहा आधीच पाजते. नंतर ठेवला तर कपबश्यांचा आवाज गिटारवर मात करतो.

खालच्या मजल्यावरच्या काकू भजनी मंडळात आहेत. वय ऐंशीच्या पुढे. ‘लाग्रिमा’ त्यांनी बऱ्याचदा ऐकलीय. गेल्या खेपेला त्या बारीक आवाजात गुणगुणायला लागल्या, आणि ती वरची सुरावट नव्हती. अंगठ्याची चाल होती, खर्जातली. मी थांबले तर म्हणाल्या, “अगं, थांबलीस का? ते खालचं एकटं वाजव बघू.” मी फक्त अंगठ्याने वाजवलं. त्यांनी एकदा माझ्याबरोबर म्हटलं, एका ठिकाणी चुकल्या, परत म्हटलं.

“हं, बसलं. आता घाल वरचं. मी हे धरून ठेवते.”