कोड्याचं उत्तर भिंतीवर टांगलंय

अगं, कोड्यात चंद्र-सूर्य आले की "आपल्याला नाही बाई खगोलशास्त्र येत" म्हणून पान उलटतेस ना? ती सवय आधी सोड. स्पर्धा परीक्षेतल्या असल्या कोड्यांना लागतं तेवढं खगोलशास्त्र तुझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयमध्ये आहे.

हे एक घे. रमा, उमा, सुधा आणि लता चार वेगवेगळ्या रात्रींबद्दल सांगताहेत: गणेश चतुर्थी, कोजागरी, संकष्टी आणि लक्ष्मीपूजन. रमा म्हणते, "मध्यरात्री आकाशात चंद्र नव्हता." उमा म्हणते, "इकडे सूर्य मावळला आणि तिकडे पूर्वेला चंद्र वर आला." सुधा म्हणते, "चंद्र उगवायला रात्रीचे नऊ वाजले." लता म्हणते, "दिवेलागणीला पश्चिमेकडे कोर होती, जेवणं होईपर्यंत मावळलीसुद्धा." कोणाची रात्र कोणती?

रमापासून सुरुवात करू नकोस. तिचं म्हणणं दोन रात्रींना लागू पडतं, तेव्हा तिला जरा थांबव. ज्या वाक्याला एकच उत्तर आहे, तिथे आधी हात घाल. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून एक मावळताना दुसरा उगवतो. उमाची कोजागरी ठरली. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. चार दिवसांत झाले तीन तासांच्या वर! आई संकष्टीचा उपास सोडायला नऊ-नऊ वाजेपर्यंत थांबते ती यामुळेच. ही सुधाची रात्र. शुक्ल चतुर्थीचा चंद्र सूर्याच्या पूर्वेला चाळीसेक अंशांवरच असतो, त्यामुळे सूर्यापाठोपाठ तोही मावळतो. ती लताची गणेश चतुर्थी. उरली अमावास्या, म्हणजे रमाचं लक्ष्मीपूजन.

बघ, यात पाठांतर कुठेच नाही. चंद्र जितका भरलेला, तितका तो सूर्यापासून लांब, एवढं डोक्यात पक्कं असलं की वेळ आपोआप कळते. मग "मध्यरात्री डोक्यावर नाजूक चंद्रकोर होती" असं कोणी म्हटलं, की ते खोटं हे तू लगेच सांगशील. शुक्राचंही तसंच. तो सूर्यापासून ४७-४८ अंशांपलीकडे जातच नाही, म्हणून आपल्याकडे मध्यरात्री कधी दिसत नाही.

असल्या विचाराने माणसाचा जीवही वाचलाय. १८५८ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या बिअर्ड्सटाउनला अब्राहम लिंकन एक खटला लढवत होते. आरोपी होता डफ आर्मस्ट्राँग, आरोप खुनाचा. साक्षीदार सांगत होता, रात्री अकराच्या सुमाराला चंद्र चांगला वर होता आणि त्या उजेडात आपण सगळं पाहिलं. लिंकननी तिथलं पंचांगच कोर्टापुढे ठेवलं. २९ ऑगस्ट १८५७च्या त्या रात्री अकरा वाजता चंद्र पार मावळतीकडे झुकलेला होता. साक्षीतला जोर गेला आणि आरोपी निर्दोष सुटला.

तेव्हा कोडं समोर आलं की घाबरू नकोस. चार रकान्यांचा तक्ता आख, जे शक्यच नाही त्यावर काट मार आणि संदिग्ध वाक्य शेवटी वाच. आणि एक काम आजपासूनच कर: महिनाभर रोज गच्चीवर जाऊन चंद्र किती वाजता, कुठल्या दिशेला दिसला, ते वहीत लिहून ठेव. कोणत्याही गाइडपेक्षा ती वही तुला जास्त उपयोगी पडेल.