शिसं अंगावर घेऊन जगणारे जिवाणू

प्रश्न : मोटारीच्या जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं झिरपलेल्या मातीतही जिवाणू जगतात, असं वाचलं. शिसं तर विष आहे, मग ते मरत कसे नाहीत? अशी माती त्यांच्याकडून साफ करून घेता येईल का?

उत्तर : जगतात, हे खरं आहे. गोवा विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या संशोधकांनी गोव्यातल्याच बॅटऱ्यांच्या कचऱ्याने दूषित झालेल्या मातीतून आणि मांडवीच्या खाडीतून असे जिवाणू वेगळे केले. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या द्रावणात फॉस्फेट भरपूर असतं. त्यात शिशाचा क्षार घातला की शिसं फॉस्फेटशी जुळून साका होऊन तळाशी बसतं, आणि विष शिल्लकच नसल्याने साधा जिवाणूही शिशाला दाद न देणारा वाटतो. म्हणून अशा चाचण्यांत फॉस्फेट अगदी बेताचं ठेवलेलं द्रावण वापरतात. असले निष्कर्ष वाचताना मी आधी जिवाणू कशात वाढवले ते बघतो, आकडे नंतर.

शिसं पेशीत शिरलं की कॅल्शियम आणि जस्त यांच्या जागा बळकावतं, प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं. यावर जिवाणूंचे उपाय निरनिराळे. काहींच्या आवरणातले प्रथिनांचे पंप शिसं बाहेर फेकत राहतात. मांडवीच्या खाडीत सापडलेला एक स्यूडोमोनास मेटॅलोथायोनिन नावाचं छोटं प्रथिन तयार करतो. त्यात गंधक भरपूर, त्यामुळे शिसं तिथेच अडकून पडतं. बॅटरीच्या कचऱ्यातला एक प्रोव्हिडेन्सिया मात्र शिशाचं न विरघळणारं फॉस्फेटच करून टाकतो. द्रावणात जो साका आपल्या चाचणीची फसगत करतो, तोच हा जिवाणू स्वतःच्या बचावासाठी घडवतो. या सगळ्या कामात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

आता साफसफाईचं. शिसं हे मूलद्रव्य आहे, ते कुणालाच खाऊन संपवता येत नाही. तेल किंवा कीटकनाशक जिवाणू फोडू शकतात, शिसं नाही. त्याचं रूप तेवढं बदलतं. न विरघळणारं फॉस्फेट पाण्याबरोबर सहसा वाहून जात नाही, पिकांच्या मुळांतही कमी शिरतं. हा फायदा मोठा आहे, पण शिसं मातीतच राहतं. तिथे खेळणाऱ्या मुलांच्या हातातोंडावाटे ते पोटात जाऊ शकतं, आणि मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित मानत नाहीत. म्हणून माझ्या मते या जिवाणूंची खरी जागा कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत आहे, कारण तिथला गाळ उचलून सुरक्षित ठिकाणी नेता येतो.

मोकळ्या शेतात ते सोडण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. धातूंना तोंड देणारी आणि प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकं अनेकदा एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या तुकड्यावर, असतात, आणि प्लाझ्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातो.